वादळात मदत कशी निघते, कुठे अडते आणि कशी पोहोचते

पाण्याने वेढलेल्या घरातून किंवा झाडे कोसळून बंद झालेल्या रस्त्यावरून मदतीसाठी फोन करणाऱ्या माणसाच्या मनात साधारणपणे एकच चित्र असते: फोन लागेल, पत्ता सांगितला जाईल, गाडी निघेल आणि काही मिनिटांत दाराशी येईल. एरवीच्या दिवशी हे चित्र बरेचसे खरेही असते. परंतु चक्रीवादळ, ढगफुटी, महापूर किंवा हिमवादळ अशा प्रसंगी फोन, नियंत्रण कक्ष, वाहन, रस्ता आणि रुग्णालय या साखळीतला प्रत्येक दुवा एकाच वेळी ताणला जातो, आणि ज्या कारणामुळे माणसाला मदत हवी असते तेच कारण मदतीला येणाऱ्याची वाटही अडवून बसलेले असते. ही साखळी कशी चालते, ती कुठे तुटते आणि तुटल्यावर कशी सांधली जाते, हे सामान्य नागरिकाला ठाऊक असणे मला अतिशय महत्त्वाचे वाटते. बचाव पथकांच्या धाडसाबद्दल आपण भरभरून बोलतो आणि ते योग्यच आहे. तथापि मदत वेळेवर पोहोचणे हे त्या धाडसापेक्षाही वादळाआधी घेतलेल्या निर्णयांवर आणि फोनवर मिळालेल्या माहितीवर अधिक अवलंबून असते.

फोन लागतो तेव्हा काय घडते

संकटात सर्वांनी एकच सोपा क्रमांक फिरवावा ही कल्पना १९३७ साली लंडनमध्ये ९९९ या क्रमांकाच्या रूपाने प्रत्यक्षात आली. अमेरिकेत ९११ वरचा पहिला कॉल १९६८ मध्ये झाला, युरोपीय देशांनी १९९१ मध्ये ११२ हा सामाईक क्रमांक ठरवला आणि पुढे भारतासह इतर अनेक देशांनीही तो स्वीकारला. क्रमांक कोणताही असो, त्यावर केलेला कॉल जवळच्या मोबाइल टॉवरवरून दूरध्वनी यंत्रणेत आणि तिथून नियंत्रण कक्षात जातो, आणि वादळात या मार्गावर तीन ठिकाणी अडथळा येऊ शकतो.

पहिला अडथळा टॉवरचा. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालू राहतो, पण ती बॅटरी सहसा काही तासच पुरते. त्यानंतर जनरेटर असेल तर डिझेल लागते आणि डिझेल पोहोचवणारी गाडीही त्याच बुडालेल्या रस्त्यावरून यावी लागते. म्हणूनच वादळाच्या पहिल्या तासांत नीट चालणारे फोन दुसऱ्या दिवशी बंद पडलेले आढळतात. येथे एक उपयुक्त सोय लक्षात ठेवण्याजोगी आहे. बहुतेक देशांत आपत्कालीन क्रमांकावरचा कॉल आपल्या कंपनीचा टॉवर बंद असला तरी परिसरात चालू असलेल्या दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो, त्यामुळे पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसत असेल तर तो फोन निरुपयोगी झाला असे समजू नये. नातेवाइकांना खुशाली कळवण्यासाठी मात्र कॉलपेक्षा लघुसंदेश बरा. त्याला नेटवर्कची अगदी थोडी क्षमता पुरते, क्षणभर जोडणी मिळाली तरी तो निघून जातो, आणि त्याने अडवून न ठेवलेली वाट दुसऱ्या कोणाच्या तरी आणीबाणीच्या कॉलला मिळते.

दुसरा अडथळा रांगेचा. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाने ह्यूस्टन शहर बुडवले तेव्हा, एरवी दिवसभरात सुमारे ८,००० कॉल घेणाऱ्या तिथल्या केंद्राकडे पंधरा तासांत सुमारे ५६,००० कॉल आले. कोणत्याही केंद्रात एवढे कॉल घेण्याइतकी माणसे बसलेली नसतात, आणि ती कायम बसवून ठेवणे शक्यही नसते. अशा वेळी फोन वाजत राहिला तर तो ठेवून पुन्हा पुन्हा लावण्याचा मोह होतो, परंतु अनेक यंत्रणांमध्ये फोन ठेवला की रांगेतली जागा जाते आणि नवा कॉल शेवटी जाऊन बसतो; म्हणून उत्तर येईपर्यंत फोन धरून ठेवणे हेच सहसा हिताचे असते.

तिसरा अडथळा ठिकाणाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. फोन कोणत्या टॉवरवरून आला एवढ्यावरून माणूस कुठे आहे हे काढायचे झाले तर शहरात काहीशे मीटर आणि विरळ वस्तीत कित्येक किलोमीटर इतका मोठा परिसर हाती येतो. कोरड्या दिवशी गाडी त्या भागात जाऊन विचारपूस करू शकते. पुरात विचारायला रस्त्यावर कोणी नसते, पाट्या पाण्याखाली असतात, ओळखीच्या खुणा वाहून गेलेल्या असतात आणि रात्री दिवेही नसतात. ही अडचण ओळखून ब्रिटनमध्ये २०१४ पासून अशी सोय सुरू झाली की आपत्कालीन क्रमांक फिरवताच फोन स्वतःचे उपग्रहावरून मिळालेले स्थान आपोआप नियंत्रण कक्षाला पाठवतो. ही सोय आता अनेक देशांत आणि बहुतेक नव्या फोनमध्ये आहे. तरीही काँक्रीटच्या इमारतीत खोलवर असलेल्या फोनला उपग्रहाचा संकेत नीट मिळत नाही, आणि मिळाला तरी माणूस तळमजल्यावर आहे की चौथ्या मजल्यावर हे त्यातून कळेलच असे नाही.

म्हणून कॉल घेणारी व्यक्ती सर्वप्रथम ‘काय झाले’ असे विचारण्याऐवजी ‘तुम्ही नेमके कुठे आहात’ असे विचारते. कॉल मध्येच तुटला तरी ठिकाण हाती असले पाहिजे, हे त्यामागचे कारण. इमारतीचे नाव, मजला, जवळची उंच व ठळक खूण आणि कोणत्या बाजूने पाणी कमी आहे, या चार गोष्टी पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगितल्या गेल्या तर पुढचे काम पुष्कळ सोपे होते. त्यानंतर माणसे किती, त्यांत लहान मुले, वृद्ध, गर्भवती किंवा अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का, कोणी विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजन यंत्रावर आहे का, पाणी कुठवर आहे आणि ते वाढते आहे की स्थिर आहे, असे प्रश्न येतात. ‘खूप पाणी आहे’ या उत्तराचा कक्षाला फारसा उपयोग होत नाही. ‘अर्ध्या तासापूर्वी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होते, आता पाचवीवर आहे’ या उत्तराने पथकाला किती वेळ हाताशी आहे याचा अंदाज येतो. घाबरलेल्या माणसाला हे प्रश्न विलंब लावणारे वाटतात. वस्तुतः पथक पाठवायचे की नाही, कोणते पाठवायचे आणि कोणत्या क्रमाने, हे त्याच उत्तरांवरून ठरत असते.

हा क्रम ठरवणे फार कठीण काम आहे. वादळात कॉल आले त्या क्रमाने मदत जात नाही. ज्याचा जीव लगेच जाऊ शकतो त्याच्याकडे ती आधी जाते. छतावर सुरक्षित बसलेल्या आठ जणांच्या कुटुंबाने सकाळी कॉल केलेला असतो आणि दुपारी श्वास लागलेल्या एका रुग्णाचा कॉल येतो, तेव्हा बोट त्या रुग्णाकडे वळवली जाते, आणि छतावरच्या माणसांना समोरून जाणारी बोट न थांबता निघून गेलेली दिसते. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, परंतु त्या बोटीला थांबण्याची मुभा दिली तर ज्यांचा आवाज पोहोचत नाही अशी सर्वांत हतबल माणसे नेहमीच मागे राहतील. वाट पाहणाऱ्यांना फोनवरून सूचना देत राहणे हाही मदतीचाच भाग असतो: छाती दाबून हृदयक्रिया चालू कशी ठेवावी, रक्तस्राव कसा थांबवावा, प्रसूती सुरू झाली तर काय करावे, आणि पाणी चढत असेल तर कुठे जावे. या शेवटच्या सूचनेत एक इशारा हमखास असतो, तो म्हणजे बाहेर पडायला वाट नसलेल्या पोटमाळ्यावर जाऊ नये. २००५ मध्ये कतरीना चक्रीवादळात न्यू ऑर्लिन्समध्ये अनेक जण पाण्यापासून वाचण्यासाठी पोटमाळ्यावर चढले आणि छताखाली कोंडले गेले; त्यांना बाहेर काढण्यासाठी बचाव पथकांना कुऱ्हाडी आणि करवतींनी छपरे फोडावी लागली.

थांबण्याचा निर्णय

सोसाट्याच्या वादळात एक वेळ अशी येते की आपत्कालीन सेवा बाहेर पडणे थांबवतात. याबद्दल लोकांमध्ये सर्वाधिक गैरसमज आहे, म्हणून त्याचे कारण नीट पाहू.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा छत्री उलटवतो, तर ८० किलोमीटरचा वारा त्याच्या चौपट जोराने उंच आणि सपाट बाजूंच्या रुग्णवाहिकेवर आदळतो. अशा वाहनाचा गुरुत्वमध्य उंचावर असतो, त्यामुळे पुलावर किंवा मोकळ्या मैदानालगत ते आडव्या वाऱ्याने उलटू शकते. त्यात उडणारे पत्रे, फांद्या आणि तुटलेल्या तारा यांची भर पडते. या कारणांनी अनेक देशांतल्या सेवांनी वाऱ्याचा सलग वेग साधारण ताशी ६५ ते ८० किलोमीटरच्या पुढे गेला की वाहने बाहेर काढायची नाहीत असा नियम आधीच लिहून ठेवलेला असतो. त्या काळात कॉल घेणे चालूच राहते, प्रत्येक कॉलची नोंद आणि प्राधान्य ठरवले जाते, आणि वारा मर्यादेखाली येताच त्या यादीतल्या पहिल्या नावाकडे वाहन सुटते. चक्रीवादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मध्यभाग, डोक्यावरून जाताना अचानक शांतता पसरते, कधीकधी आकाशही निवळते. तरीही ती शांतता फसवी असते, कारण थोड्याच वेळात डोळ्याभोवतीच्या वादळी कड्याची दुसरी बाजू येते आणि वारा उलट दिशेने तितक्याच जोराने सुरू होतो.

हा नियम निष्ठुर वाटू शकतो, पण त्यामागचा हिशेब स्पष्ट आहे. उलटलेली एक रुग्णवाहिका म्हणजे आत अडकलेले दोन-तीन नवे जखमी, त्यांना काढण्यासाठी गुंतलेले दुसरे पथक आणि पुढचे कित्येक तास त्या संपूर्ण भागासाठी कमी झालेले एक वाहन. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात आलेल्या हिमवादळात हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. समोरचे काही दिसेनासे झाले, वाऱ्याने साचलेल्या बर्फात अग्निशमन गाड्या, रुग्णवाहिका आणि बर्फ हटवणारी यंत्रेसुद्धा रुतली, आणि मदतीला गेलेल्यांनाच सोडवण्यासाठी माणसे पाठवावी लागली. त्या वादळात शहर आणि परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. काही जण अडकलेल्या गाड्यांमध्ये, तर काही जण घरी मदतीची वाट पाहत असताना.

हे टाळता येण्याजोगे नव्हते असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की थांबण्याची वेळ लोकांना आधी आणि स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. ‘संध्याकाळी सहानंतर, वारा उतरेपर्यंत, कोणीही तुमच्यापर्यंत पोहोचू शकणार नाही’ हे वाक्य ऐकायला कठोर असले तरी स्थलांतराचा निर्णय लांबणीवर टाकणाऱ्या कुटुंबाला जागे करण्याची ताकद त्यात असते, जी ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ या गुळगुळीत सूचनेत नसते.

पाण्यातली वाट

वारा काही तासांत ओसरतो. पाणी मात्र दिवसेंदिवस राहते, आणि बचावाचे बहुतेक काम पाण्यातच होते. वाहत्या पाण्याविषयी काही आकडे प्रत्येकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. जोराने वाहणारे केवळ १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाचे पाय उखडू शकते, ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटर पाणी मोठ्या, उंच गाड्यांसह बहुतेक वाहने वाहून नेते. याचे कारण असे की मोटारीच्या बाजूने पाणी ३० सेंटिमीटर चढले की साधारण ६८० किलो वजनाचे पाणी बाजूला सारले जाते आणि तेवढे वजन चाकांवरून कमी होते. चाकांची जमिनीवरची पकड सुटली की उरलेले काम प्रवाह करतो, आणि प्रवाहाचा जोरही वाऱ्याप्रमाणेच वेगाच्या वर्गाने वाढतो. रुग्णवाहिकेला या नियमातून सूट नाही. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की खचला आहे हे दिसत नाही, म्हणून पथकातला सर्वांत पुढचा माणूस हातात लांब काठी घेऊन प्रत्येक पावलाआधी तळ चाचपत चालतो. झाकण निघालेले गटार त्या काठीलाच आधी कळते.

वाहत्या पाण्यातून माणसाला काढण्याची एक ठरलेली उतरंड जगभर शिकवली जाते. आधी काठावरून हात, बांबू किंवा शिडी पुढे करून पाहायचे. ते शक्य नसेल तर दोर फेकायचा. तेही जमत नसेल तर बोट न्यायची. आणि पथकातल्या माणसाने स्वतः पाण्यात उतरणे हा त्यानंतरचा, नाइलाजाचा मार्ग. हेलिकॉप्टरही शेवटच्याच पर्यायांत येते. बघणाऱ्याला वाटते की पथक काठावर उभे राहून वेळ घालवत आहे, पण ते कमीत कमी धोक्याचा मार्ग आधी वापरून पाहत असते.

दोर फेकण्याचे काम जवळून पाहिले तर त्यातली काळजी कळते. साधारण १५ ते २० मीटर लांबीचा, पाण्यावर तरंगणारा दोर एका छोट्या पिशवीत सुटा भरलेला असतो. एक टोक हातात धरून पिशवी अडकलेल्या माणसाच्या पलीकडे फेकतात, म्हणजे दोर उलगडत जाऊन त्याच्या अंगावर पडतो. फेकण्याआधी ओरडून त्याचे लक्ष वेधले जाते, कारण दोर दिसला नाही तर तो हातात येऊनही निसटतो. माणसाने दोर पकडून तो खांद्यावर घ्यायचा आणि पाठीवर उताणे राहायचे, म्हणजे तोंड पाण्याबाहेर राहते. दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा मात्र कधीच नाही, कारण प्रवाहाने ताणलेला दोर सुटत नाही आणि माणसाला खाली दाबतो. याच कारणाने पथकातल्या माणसाच्या अंगावरचा दोरही एका ओढीत सुटेल अशाच पट्ट्याला बांधलेला असतो. काठावरच्या इतर सहकाऱ्यांपैकी एक जण प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभा राहून वाहत येणारे ओंडके आणि पत्रे यांवर नजर ठेवतो, तर दुसरा खालच्या बाजूला जादा दोर घेऊन तयार असतो, म्हणजे पहिली फेक चुकली तरी आणखी एक संधी राहते.

रबरी बोटीलाही मर्यादा आहेत. कुंपणाच्या तारा, लोखंडी सळ्या आणि तुटलेले पत्रे पाण्याखाली दडलेले असतात, इंजिनाच्या पंख्यात कपडे आणि दोर अडकतात, आणि बुडालेल्या विजेच्या तारा जिवंत नाहीत याची खातरजमा वीज कंपनीकडून होईपर्यंत काही गल्ल्यांत बोट नेताच येत नाही. अरुंद गल्लीत पाणी पुलाखालून निघावे तसे वेगाने उसळते, त्यामुळे बोट वल्हवत नेण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या भिंतींना दोर बांधून पुढे सरकवावी लागते. एका फेरीत मोजकीच माणसे येतात आणि प्रत्येकाला आधी लाइफ जॅकेट घालावे लागते. बोटीत चढताना सगळे एकाच बाजूला धावले की ती उलटते, म्हणून ‘एकेक जण, बसूनच’ हा आदेश कितीही घाई असली तरी मोडला जात नाही.

हेलिकॉप्टर ही सर्वांत दृश्य मदत आहे, पण जोराचा वारा, खाली आलेले ढग किंवा पंखांवर गोठणारा बर्फ यांत ते उडू शकत नाही. ते छतावर घिरट्या घालत दोराने एका वेळी एक-दोन माणसे उचलते, आणि त्याच्या पंख्याचा खाली येणारा झोत सैल पत्रे उडवू शकतो. म्हणून छतावरच्या माणसांनी सुटे सामान आधीच बाजूला करावे, खाली बसावे आणि पाळणा जमिनीला टेकण्याआधी त्याला हात लावू नये, कारण त्यावर साठलेल्या स्थिर विजेचा झटका बसतो. या मर्यादा असूनही आकाशातून होणारे काम अफाट असू शकते. कतरीनानंतर अमेरिकी तटरक्षक दलाने हेलिकॉप्टर आणि बोटी मिळून ३३,५०० हून अधिक लोकांना बाहेर काढले.

वादळ येण्याआधीचे अंतर

मदत किती लवकर पोहोचेल हे मुख्यतः वादळ दूर असतानाच ठरते, असे मी सुरुवातीला म्हटले. पथके आणि वाहने वादळाच्या मार्गाच्या अगदी तोंडाशी ठेवली तर तीच सापडतात. फार लांब ठेवली तर नंतर कोसळलेली झाडे आणि तुटलेले पूल ओलांडून येण्यात दिवस जातो. म्हणून त्यांना वादळाच्या पट्ट्याच्या कडेला, पक्क्या इमारतींत, आणि विशेषतः नदीच्या दोन्ही तीरांवर विभागून ठेवले जाते. पूल बंद झाला की पलीकडच्या तीरावर एकही रुग्णवाहिका नाही अशी वेळ येऊ नये, हा हेतू.

या पूर्वतयारीने काय साधते, याची दोन उदाहरणे बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर आहेत. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर राज्याने स्वतःचे आपत्ती प्रतिसाद दल उभारले, किनाऱ्यावर निवारे बांधले, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन हे अतितीव्र चक्रीवादळ आले तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवले. त्या वेळच्या मृत्यूंची संख्या काही डझनांवर राहिली. बांगलादेशाने १९७० च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसे गमावली आणि त्यानंतर गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले. झेंडे, ध्वनिक्षेपक आणि हाताने फिरवायचे भोंगे घेऊन हे स्वयंसेवक दारोदार जातात. त्यांची संख्या आता सत्तर हजारांवर आहे, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा असल्याने घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांपर्यंतही इशारा पोहोचतो. ज्या माणसाला आधीच हलवले गेले, त्याच्यापर्यंत वादळात पोहोचावे लागत नाही; बचावाचा यापेक्षा खात्रीचा मार्ग अद्याप सापडलेला नाही.

इशारा पोहोचवण्याचे तंत्रही बदलले आहे. लघुसंदेश प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्रपणे जातो, त्यामुळे लाखो लोकांना तो पाठवताना नेटवर्क तुंबते. टॉवरवरून होणारे सार्वत्रिक प्रसारण मात्र दवंडीसारखे असते: त्या टॉवरच्या पल्ल्यातल्या प्रत्येक फोनवर ते एकाच वेळी मोठ्या आवाजात वाजते, कोणाचाही क्रमांक ठाऊक असावा लागत नाही आणि परगावाहून आलेला प्रवासीही सुटत नाही. जुलै २०२१ मध्ये जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात पूर आला तेव्हा त्या देशात ही सोय नव्हती. ती २०२३ मध्ये सुरू झाली. पण तंत्र असणे पुरेसे नसते. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनच्या व्हॅलेन्सिया प्रांतात असा संदेश रात्री आठनंतर फोनवर वाजला, तेव्हा अनेक गावांत पाणी आधीच शिरलेले होते; त्या पुरात २२० हून अधिक लोकांचा बळी गेला. बटण कोणी दाबायचे, कोणत्या पातळीला दाबायचे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही, हे कोरड्या दिवशीच ठरलेले असले पाहिजे.

इशारा ऐकूनही स्वतः हलू न शकणाऱ्यांचा विचार मला सर्वाधिक निकडीचा वाटतो. आर खोऱ्यातल्या त्याच पुरात झिन्झिग गावातील दिव्यांगांच्या निवासगृहात तळमजल्यावर राहणारे १२ जण रात्री बुडाले. अशा व्यक्तींची यादी, त्यांच्या खोलीचा मजला आणि त्यांना उचलून न्यायला लागणारी माणसे यांची नोंद आधीपासून हाताशी असेल तर पहिले वाहन त्यांच्याकडेच पाठवता येते. डायलिसिसच्या रुग्णांचे उदाहरण यातून मार्ग दाखवते. एक-दोन फेऱ्या चुकल्या तरी त्यांचा जीव धोक्यात येतो, म्हणून २०१२ मध्ये सँडी वादळ न्यू यॉर्क परिसरात येण्याआधी अनेक केंद्रांनी आपल्या रुग्णांना ठरलेल्या दिवसाआधीच बोलावून डायलिसिस दिले, आणि वादळानंतर तातडीच्या विभागात धाव घ्यावी लागणाऱ्यांत अशा रुग्णांचे प्रमाण कमी राहिले. वादळात न आलेला कॉल हेही आपत्कालीन सेवेचे यशच असते.

रुग्णालयालाही हाच नियम लागू आहे. सँडीच्याच रात्री न्यू यॉर्कमधल्या एका मोठ्या रुग्णालयाचे तळघर पाण्याने भरले आणि पर्यायी विजेची व्यवस्था कोलमडली. सुमारे ३०० रुग्णांना अंधाऱ्या जिन्यांवरून खाली आणावे लागले. त्यांत अतिदक्षता विभागातली २० नवजात बाळे होती, आणि त्यांतल्या काहींचा श्वास परिचारिका हाताने पिशवी दाबत पायरीपायरीने सांभाळत होत्या. रुग्णवाहिका रुग्णाला घेऊन कुठे जाणार हा प्रश्न तेव्हा क्षणात बदलला. म्हणून जनरेटर, त्याची इंधनाची टाकी आणि पंप पुराच्या पातळीच्या वर असणे ही बाब कागदावर क्षुल्लक दिसली तरी ती आपत्कालीन सेवेचाच भाग मानली पाहिजे.

वारा उतरल्यावर

वाहने सुटण्याची वेळ आली की सर्वांत पुढे रुग्णवाहिका नसते; करवती आणि बुलडोझर असतात. पहिल्या फेरीत रस्ता स्वच्छ करत बसत नाहीत. झाडे कापून, ढिगारा कडेला ढकलून एका गाडीपुरती वाट मोकळी करतात, आणि तीही आधी रुग्णालये, अग्निशमन केंद्रे व निवारे यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर. हिमवादळात हेच काम बर्फ हटवणारे यंत्र करते आणि रुग्णवाहिका त्याच्या मागे चालते. सोबत वीज कंपनीचा माणूस असतो, कारण पडलेली तार मृत आहे हे त्याने सांगितल्याशिवाय कोणी तिच्याजवळ जात नाही. सामान्य माणसाने तिच्यापासून किमान १० मीटर दूर राहावे, ओल्या जमिनीवर त्याहूनही अधिक.

याच टप्प्यात नव्या प्रकारचे कॉल येऊ लागतात. बंद खोलीत किंवा व्हरांड्यात लावलेल्या जनरेटरचा धूर घरात साचून माणसे बेशुद्ध पडतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने ती धोका ओळखू शकत नाहीत. छप्पर दुरुस्त करताना पडणे, करवतीने जखमी होणे, दूषित पाण्याने आजारी पडणे हे सगळे वादळ गेल्यानंतरचे.

दरम्यान घरोघरी शोध चालू असतो. कतरीनानंतर न्यू ऑर्लिन्समधल्या हजारो दारांवर रंगाने मोठी फुली काढलेली दिसत असे. तिच्या डाव्या कोनात तपासणाऱ्या पथकाची खूण, वरच्या कोनात तारीख व वेळ, उजव्या कोनात गॅसगळतीसारखे धोके आणि खालच्या कोनात आत सापडलेल्या जिवंत व मृत माणसांची संख्या लिहिली जाई. अशा खुणेमुळे दुसरे पथक तेच घर पुन्हा तपासण्यात वेळ घालवत नाही.

नियंत्रण कक्षातली यादीही अशीच एकेक करून रिकामी करावी लागते. एकाच घरासाठी त्या घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी आणि दूरच्या नातेवाइकांनी वेगवेगळे कॉल केलेले असतात, काहींना शेजाऱ्यांच्या नावेतून आधीच बाहेर काढलेले असते, काही स्वतःच चालत निघून गेलेले असतात. पण कक्षाच्या दृष्टीने प्रत्येक नोंद उघडीच असते, आणि कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन किंवा फोनवर बोलून खात्री केल्याशिवाय ती बंद करता येत नाही. म्हणून मदत मागितल्यानंतर जो दुसऱ्या मार्गाने सुरक्षित ठिकाणी पोहोचला असेल, त्याने फोन मिळताच आपले नाव, आधी सांगितलेले ठिकाण आणि सोबतच्या माणसांची संख्या कक्षाला कळवावी, आणि निवाऱ्यात गेल्यावर तिथल्या नोंदवहीतही तीच माहिती लिहून द्यावी.